डागडुजीचा धर्म

वारकऱ्याचा धर्म पायांनी चालतो. मुखी नाम आणि हाती टाळ असतातच, पण पाय पंढरीच्या वाटेला लागल्याशिवाय वारी झाली असे आपण म्हणत नाही. असे असता एक काळ असा आला की पायच थांबले. शके १९४२ चा गुढीपाडवा, म्हणजे २५ मार्च २०२०. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पंढरीचे देऊळ दर्शनासाठी त्याआधीच बंद झाले होते. रामजन्म २ एप्रिलला घरोघरी दारे लावून साजरा झाला. आषाढी एकादशी १ जुलैला होती. आदल्या दिवशी संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटी बसने पंढरीस नेल्या गेल्या. पालखीच्या वाटेवरची गावे त्या वर्षी रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली. आमच्या कोकणातील पुष्कळ मंडळी आषाढात लावणीच्या चिखलात असतात, म्हणून ती कार्तिकीला जातात. ती यात्राही भरली नाही. पुढल्या वर्षीची, २० जुलै २०२१ ची आषाढीही तशीच गेली.

पाय थांबले, पण हात थांबले नाहीत. या गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही, म्हणून आज तिचा विचार करावयाचा आहे. त्या दिवसांत घरोघर माणसे काही ना काही दुरुस्त करीत बसली होती. कोणी कौले परतली, कोणी पडका गडगा रचला, कोणी विहिरीचा गाळ काढला. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली खुर्ची खाली आली आणि तिला पाय बसला. कोणी काथ्या वळला, कोणी माडाच्या हिरांच्या केरसुण्या बांधल्या, कोणी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली. भजनी मंडळींनी पखवाजाच्या सैल वाद्या ओढून घेतल्या, टाळांना नव्या दोऱ्या ओवल्या, सुटलेल्या पोथ्यांची पाने जुळवून पुठ्ठे बांधले. हे सारे काम काय होते? नुसता काळ घालवणे होते, भीती विसरण्याची युक्ती होती, की त्यात काही साधन होते?

येथे कोणी शंका घेईल की हा प्रश्न भक्तीच्या मासिकात कशाला? कौले परतणे हा प्रपंच आहे. परमार्थाचा त्याच्याशी काय संबंध? त्याहून कठीण शंकाही आहे. बाहेर माणसे प्राणवायूवाचून तडफडत असता, आप्तांना शेवटचे पाहताही येत नसता, आपण घरात बसून खुर्चीचा पाय जोडीत होतो. हे निष्ठुरपण नव्हे काय? दोन्ही शंका खऱ्या आहेत. त्यांना बगल देऊन डागडुजीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

प्रथम पहिली शंका घेऊ. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो, असे वचन दिले आहे. हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यात दोन शब्द आहेत हे विसरतो. आचार्यांनी भाष्यात त्यांची फोड केली आहे. जे आपल्याजवळ नाही ते मिळणे हा योग. जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे हे क्षेम. माउलींनी या ठिकाणी, पंख न फुटलेल्या पिलांसाठीच जिचे जगणे चालले आहे अशा पक्षिणीचा दृष्टान्त दिला आहे. ती पक्षीण चारा आणते, आणि घरटेही राखते. चारा आणणे दिसते, कारण त्यासाठी ती उडते. घरटे राखणे दिसत नाही. पण घरटे विसकटले तर चारा कोणाच्या चोचीत घालायचा?

आपला सारा काळ योगाच्या मागे लागलेला आहे. नवे घर, नवी गाडी, नवा मोबाईल. जुने बिघडले तर टाकून द्यावे आणि दुसरे आणावे. परमार्थातही हेच शिरले आहे. नवा सप्ताह, नवा मंडप, मागच्या वर्षीपेक्षा मोठा स्वयंपाक. पण देवळाच्या पागोळीखालचा चौथरा खचतो आहे इकडे कोणी पाहत नाही. टाळेबंदीने योगाची वाट बंद केली. बाजार बंद, कचेऱ्या बंद, गाड्या बंद. नवे काही आणता येईना. तेव्हा माणसाला प्रथमच, जे आहे तेच नीट पाहावे लागले. आणि जे आहे ते ठिकठिकाणी मोडले आहे, हे दिसू लागले. क्षेम हे देवाने आपल्या अंगावर घेतलेले अर्धे काम आहे. त्या कामाला हात लावणे हा नुसता प्रपंच कसा होईल?

शास्त्रानेही हे काम हलके मानलेले नाही. विहिरी, तळी, बागा, देवळे बांधण्याला पूर्तकर्म म्हणतात. विष्णुस्मृतीत सांगितले आहे की जो मोडलेल्या विहिरीचा, तळ्याचा, देवळाचा पुन्हा संस्कार करतो, त्याला मूळ बांधणाऱ्याचेच फळ मिळते. विचार करा, शिलालेख एकाच्या नावाचा, पण फळ दोघांना सारखे. आपल्याकडे पाटी मात्र बांधणाऱ्याचीच लागते.

आता आमच्या भागातले कौलाचे काम कसे असते ते सांगतो. घाटावरच्या वाचकांना ते ठाऊक नसेल. कोकणातले घर चिऱ्याचे, वर लाकडाचे वासे, वाशांवर रीपा आणि रीपांवर कौले. पूर्वी कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला आणि पुढे ती चपटी, खाचेची कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. प्रत्येक कौल खालच्या कौलावर ओणवते आणि पाणी पुढच्याच्या अंगावर सोडून देते. मिरग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, छपरावर चढून फुटकी कौले काढावी लागतात, सरकलेली बसवावी लागतात, पालापाचोळा झाडावा लागतो, वाळवी लागलेली रीप बदलावी लागते. हे दर वर्षीचे काम. गेल्या वर्षी केले म्हणून या वर्षी चुकत नाही.

या कामात एक गोष्ट शिकायला मिळते. गळती जिथे दिसते तिथे ती नसते. पाणी वर कुठेतरी फुटलेल्या कौलातून शिरते, वाशाच्या अंगाने उतरत जाते आणि भलत्याच ठिकाणी, देवघरात किंवा तांदळाच्या कणगीवर टपकते. ज्याला घाई असते तो थेंबाखाली भांडे ठेवतो आणि थेंबाच्या बरोबर वरचे कौल बदलतो. गळती चालूच राहते. ज्याला काम कळते तो माळ्यावर चढतो, ओल्या वाशाची रेघ धरून मागे मागे जातो आणि मूळ शोधतो. मनाची गळती याहून वेगळी नाही. राग एकावर निघतो, फुटलेले असते दुसरीकडेच. त्या दिवसांत पुष्कळ घरांत भांडणे वाढली. ती ताटावरून, आवाजावरून, मुलांच्या खोड्यांवरून झाली असे दिसले. पाणी मात्र वरून, भीतीतून आणि थकलेल्या हप्त्यांतून शिरत होते. छपरावर ज्याने ही रेघ धरून पाहिली, त्याला घरातही ती धरता यावी.

दुसरे एक निरीक्षण सांगतो. राहते घर टिकते, बंद घर पडते. मुंबईकरांची कुलूप लावलेली घरे आमच्याकडे गावोगाव आहेत. कोणी वापरीत नाही म्हणजे घर झिजू नये, असे वाटते. उलटच होते. चुलीचा धूर वाशांना लागत नाही, म्हणून किडा लागतो. केर निघत नाही, म्हणून वाळवी चढते. एक कौल सरकले ते कोणी पाहत नाही, म्हणून दोन पावसाळ्यांत भिंत विरघळते. त्या मे महिन्यात चाकरमानी गावी परतले तेव्हा अशी कित्येक घरे उघडली गेली. कोणाला चौदा दिवस शाळेत राहावे लागले, कोणाला मांगरात. त्यांच्या येण्याची गावाला भीती होती, आणि गावाच्या नजरेची त्यांना. पण दार उघडून चूल पेटली आणि त्या घरांत पुन्हा धूर झाला. आपले नामस्मरणही याच धुरासारखे आहे. त्याने कोणी एका दिवसात तरत नाही, पण ते रोज लागत असले तर वासे पोखरले जात नाहीत.

आता दुसऱ्या, कठीण शंकेकडे वळू. संकटात डागडुजी करीत बसणे हे निष्ठुरपण नव्हे काय? याचे उत्तर माझ्यासारख्याने आपल्या बुद्धीने देण्यापेक्षा तुकोबांच्या चरित्राला विचारावे.

शके १५५१-५२ चा, म्हणजे १६३० च्या सुमाराचा दुष्काळ. महाराष्ट्राने पाहिलेल्या फार मोठ्या दुष्काळांपैकी तो एक. तुकोबांचे दुकान बुडाले, गुरेढोरे गेली, मान गेला. थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, लहान संतू गेला. जगबुडी म्हणावी अशी ही वेळ. अशा वेळी तुकोबांनी काय केले? त्यांनी भामनाथ-भंडाऱ्यावर एकांत धरला, हे आपण कीर्तनात सांगतो. पण त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतः नोंदवून ठेवली. पूर्वज विश्वंभरबाबांच्या वेळचे देहूचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करावे असे त्यांच्या चित्ताला वाटले. हाताशी पैसा नव्हता. परंपरा सांगते की त्यांनी स्वतः दगड-माती वाहून भिंती उभ्या केल्या.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्याचे घर मोडले तो देऊळ सांधतो आहे. ही पळवाट असती, तर तुकोबा तेवढ्यावर थांबले असते. ते थांबले नाहीत. घरात सावकारीचे कागद होते; दुष्काळाने पिचलेले कितीतरी कुळवाडी त्या कागदांत अडकले होते. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांनी त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. देवळाची भिंत सांधली आणि माणसांच्या गळ्यातला फासही कापला. माझ्या मते ही दोन कामे एकाच डागडुजीची आहेत. दगड रचताना माणसाचे मन शांत होते आणि शांत मनाला, आणखी कुठे कुठे मोडले आहे आणि ते आपल्यामुळे कुठे मोडले आहे, ते दिसू लागते. म्हणून डागडुजी निष्ठुर की सदय हे पहिल्या कामावरून ठरत नाही. त्या कामानंतर माणूस काय करतो यावरून ठरते. कौल परतून जो खाली उतरला आणि शेजाऱ्याच्या छपराकडे ज्याची नजर गेली, त्याचे काम साधन झाले. जो उतरून कडी लावून बसला, त्याने काळ घालवला.

एकनाथ महाराजांचेही उदाहरण घ्यावे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले, अपपाठ रुळले. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. आळंदीस जाऊन त्यांनी माउलींच्या समाधीतली, गळ्याला लागलेली अजानवृक्षाची मुळी काढली, अशी आपली श्रद्धा आहे. दोन्ही कामे डागडुजीचीच. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांना चार ओव्या घालणे अवघड नव्हते. पण त्यांनी आपले काही घातले नाही, आणि मूळ ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. डागडुजी करणाऱ्याला हा नियम कायमचा लागू आहे. सांधा असा बसावा की सांधणारा दिसू नये. आजकाल देवळांचे जीर्णोद्धार होतात तेव्हा जुना लाकडी मंडप पाडून चकचकीत फरशा बसवतात आणि देणगीदारांच्या नावांनी भिंती भरतात. हा जीर्णाचा उद्धार नव्हे, जीर्णाची हकालपट्टी आहे.

आता छंदाकडे येऊ. टाळेबंदीत छंद हा शब्द फार कानी पडला. वेळ जात नाही, काही छंद लावून घ्या, असे सर्वजण एकमेकांना सांगत होते. कोणी चित्रे काढली, कोणी गाणे धरले, कोणी कुंड्यांत मिरच्या लावल्या. छंद हा शब्द आपल्या संप्रदायात मात्र वेळ घालवण्यासाठी वापरीत नाहीत. वेदांनाच छंद म्हणतात. वृत्तालाही छंद म्हणतात, कारण ते शब्दांना मोजून-मापून चालवते. आणि संतांना विठ्ठलाचा छंद लागतो तेव्हा दुसरे काही सुचेनासे होते. म्हणजे छंदात दोन गोष्टी आहेत, ओढ आणि माप. ओढ असून माप नसेल तर ते व्यसन. माप असून ओढ नसेल तर ती वेठ. सकाळी उठून ठरलेल्या वेळी पोथीची चार पाने सुवाच्य अक्षरात उतरवणे, ती कोणी विकत घेणार नाही, कोणी वाहवा करणार नाही, तरी उद्याची चार पाने मनात असणे, हा छंद. त्यात फळाची आस नाही, म्हणून कर्मयोगाचा पहिला धडा तो नकळत देतो. ज्यांनी त्या दिवसांत असा एखादा छंद धरला त्यांना नामाचा छंद म्हणजे काय हे समजावून सांगणे सोपे जाते. हाताला कळले की मनाला लवकर कळते.

परंतु हे सारे सांगताना दोन ठिकाणी जपले पाहिजे, नाहीतर हा विचार भरल्या पोटाचा होईल.

पहिले ठिकाण चोखोबांचे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. शके १२६०, म्हणजे १३३८ ची ही गोष्ट. पुढे नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी दिली. कुसू बांधणे हेही सर्वांच्या क्षेमाचे काम. पण ज्या कुसवाने गावाचे रक्षण व्हायचे, त्याच्या आत चोखोबांना घर नव्हते. त्यांच्या हातचे ते काम छंद नव्हते, वेठ होती. म्हणून डागडुजीला पूजा म्हणण्यापूर्वी, ती कोणाच्या हातून होते आहे आणि तिचे छप्पर कोणाच्या डोक्यावर येणार आहे, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२० च्या त्या मे महिन्यात आमच्याकडे एका गृहस्थांनी स्वतः कौले परतली आणि कौतुकाने ती हकिगत सांगत होते. ऐकणाऱ्यांत, दर वर्षी त्यांची कौले परतणारा गडी होता. तो एवढेच म्हणाला, ‘‘बरां झाला बुवानू. पण माका ह्यो महिनो म्हणजे अर्ध्या वर्साचो तांदूळ.’’ एकाचा छंद ही दुसऱ्याची बुडालेली मजुरी होती. यावर कोणी म्हणेल की मग स्वतः काही करूच नये काय? करावे. काम स्वतः शिकण्यात दोष नाही. पण वाचलेली मजुरी ही आपली कमाई नव्हे. त्या गृहस्थांनी पुढे त्याच्या घरी त्या दिवसांचे तांदूळ पोचवले, हे मला दुसऱ्यांकडून कळले. ते स्वतः कधी बोलले नाहीत. इंद्रायणीत सोडलेल्या खतांचे हे लहानसे रूप आहे.

दुसरे ठिकाण जनाबाईंचे. नामदेवरायांच्या घरी दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी ही कामे जनाबाई करीत. हे सारे क्षेमाचे काम. रोज करायचे आणि संध्याकाळपर्यंत पुसले जायचे. परंपरा सांगते की देव त्यांच्याबरोबर जात्यावर बसला. देव त्या जात्यावर का बसला असेल? दुसरे कोणी बसत नव्हते म्हणून, असे मला वाटते. टाळेबंदीत पुरुषांनी एखादा दिवस स्वयंपाक केला की त्याची वार्ता झाली. घरातल्या बाईने तीन वेळा, माणसे वाढलेली असता, धुणीभांडी वाढलेली असता, तोच स्वयंपाक केला त्याची वार्ता झाली नाही. एकाला जो छंद सापडला तो दुसरीला जन्मभर नेमून दिलेला होता. म्हणून डागडुजीतून काही शिकायचे असेल तर पहिले हे शिकावे की घर दर वर्षी एकदा शाकारले जाते, पण रोज उठून कोणीतरी ते सावरत असते. त्या कोणीतरीबरोबर जात्याला हात लावणे ही जनाबाईंच्या विठ्ठलाची उपासना आहे.

डागडुजीची खरी परीक्षा पुढल्या वर्षी झाली. निर्बंध अजून चालू होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. माड-पोफळी आडव्या झाल्या, आंब्याची जुनी झाडे उन्मळली, कौले पत्त्यांसारखी उडाली, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. मिरग तीन आठवड्यांवर आला होता. त्या वेळी बाजारातून कौले आणणे अवघड होते, पण आदल्या वर्षी परतणी करताना निघालेली सुटी, धड कौले काही खळ्यांत रचून ठेवलेली होती. ती एका खळ्यातून दुसऱ्याकडे गेली. शिडी एका घरची, दोर दुसऱ्या घरचा. आदल्या वर्षी शिकलेले हात त्या वर्षी म्हाताऱ्यांच्या आणि एकट्या बायकांच्या छपरांवर चढले. सर्वत्र असेच झाले असे मी म्हणणार नाही. कोणी आपली रास झाकूनही ठेवली. पण जिथे झाले तिथे, आदल्या वर्षीचे काम काळ घालवणे नव्हते, हे सिद्ध झाले.

शास्त्रात कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद आहेत. संकटात घडते ते नैमित्तिक. निमित्त सरले की तेही सरते. खरी अडचण येथे आहे. १६ नोव्हेंबर २०२० च्या पाडव्याला देवळे उघडली, पुन्हा बंद झाली, पुन्हा उघडली. २०२२ ला पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा ज्याच्या त्याच्या डोळ्यांना पाणी आले. पाय सुटले ते फार चांगले झाले. परंतु पाय सुटताच हात थांबले. अर्धी उतरवलेली पोथी फडक्यात बांधली गेली, पखवाज खुंटीला गेला, शेजाऱ्याची विचारपूस मागे पडली. नैमित्तिक नित्य झाले नाही.

ते नित्य कसे व्हावे? आमच्या शिरोड्याची मिठागरे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहेत. सत्याग्रहाचे दिवस इतिहासात गेले, आणि जावेत. पण मिठागराचे मातीचे बांध दर पावसाळ्यात खचतात आणि पाऊस सरला की पुन्हा बांधून काढावे लागतात. हे काम करणाऱ्याचा फोटो कोणी काढीत नाही. बांध नसेल तर खाऱ्या पाण्याला थारा नाही आणि मीठ पडत नाही. आपली नित्य साधनाही या बांधासारखीच, दर वर्षी तिथेच आणि तशीच करायची. तिच्यात नवे काही नाही म्हणून कंटाळा येतो. पण हरिपाठही आपण रोज तोच म्हणतो. नवा मागत नाही.

म्हणून वाचक माउलींना माझी विनंती एवढीच आहे. महिन्यातल्या दोन एकादशांपैकी एकीला, उपवास आणि भजन झाल्यावर, घरातली एक मोडकी वस्तू हाती घ्यावी आणि ती सांधावी. येत नसेल तर ज्याला येते त्याच्या शेजारी बसून शिकावी, आणि त्याची मजुरी त्याला द्यावी. दुसऱ्या एकादशीला आपल्या घराबाहेरची एक मोडकी गोष्ट पाहावी. देवळाचा खचलेला चौथरा असेल, पाणंदीतला ढासळलेला गडगा असेल, बंद घराचे सरकलेले कौल असेल, दोन वर्षे न बोललेला भाऊ असेल. ती एकट्याने सांधत नसेल तर दोघा-चौघांना बोलवावे. आणि रोज, एकादशीची वाट न पाहता, घर सावरणाऱ्या हाताला आपला एक हात द्यावा. हे केल्याने वारी चुकत नाही. पुढे कधी पुन्हा पाय थांबायची वेळ आली, तर काय करावे हे हातांना ठाऊक असेल.

रामकृष्णहरी.